मागचा तांबडा दिवा

श्रोतेहो, शर्यतीच्या मोटारगाडीच्या पाठीमागे पावसात लावण्यासाठी एक लहानसा तांबडा दिवा बसवलेला असतो. त्या दिव्याचा इतिहास आज मी आपल्याला सांगणार आहे. विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. इतिहासाच्या प्राध्यापकाने लढाया सांगाव्यात, तह सांगावेत, फार तर एखाद्या जुन्या दानपत्राचा अर्थ उलगडून दाखवावा. परदेशातल्या मोटारी आणि त्यांचे दिवे यांच्याशी आम्हा खेड्यापाड्यांतल्या माणसांचे काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी शेवटी देईन. तोवर थोडा धीर धरा.

सुरुवात आपल्या ओळखीच्या दिव्यापासून करू. रात्रीच्या वेळी रेल्वेगाडी स्टेशनातून निघून जाताना आपण सर्वांनी पाहिली आहे. सगळे डबे खडखडत पुढे जातात आणि शेवटच्या डब्यामागचा तांबडा दिवा अंधारात लहान लहान होत दिसेनासा होतो. तो दिवा शोभेसाठी नसतो. स्टेशनावरचा माणूस तो पाहतो आणि समजतो की, गाडी पुरी गेली, वाटेत एखादा डबा सुटून मागे राहिलेला नाही. दिवसा हेच काम शेवटच्या डब्यावरची 'एल. व्ही.' ही पाटी करते. म्हणजे मागचा दिवा हा गाडी चालवणाऱ्यासाठी नसतोच. तो मागे राहणाऱ्यासाठी आणि मागून येणाऱ्यासाठी असतो. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी कथा तिच्याभोवतीच फिरते.

आता शर्यतीकडे वळू. फ्रान्समध्ये ल माँ येथे १९२३ सालापासून चोवीस तासांची शर्यत होते. ती रात्रभर चालते, म्हणून तिथल्या गाड्यांना पुढे-मागे दिवे असणे ओघानेच आले. परंतु ज्यांना ग्रां प्री म्हणतात, त्या शर्यती दिवसाउजेडी होत आणि दोन-तीन तासांत आटोपत. त्या गाड्यांवर दिवे कशाला हवेत? शर्यतीची गाडी बनवणारा कारागीर एक एक शेर वजन कमी करण्यासाठी धडपडत असतो. त्याने दिवे काढून टाकले, चिखलापासून बचाव करणारी चाकांवरची झाकणे काढून टाकली, आणि उघड्या चाकांची, एकाच माणसाला बसायला जागा असलेली गाडी तयार केली. १३ मे १९५० रोजी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन येथे, एका जुन्या लष्करी विमानतळावर, या वर्गातली पहिली जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. इटलीच्या ज्युसेप्पे फारीना याने ती जिंकली. त्याच्या गाडीला मागे दिवा नव्हता आणि तो असावा असे कोणाला वाटतही नव्हते.

मग पाऊस आला तर काय? पाऊस तेव्हाही येतच होता. त्या काळच्या गाड्यांची चाके अरुंद असत. पाणी उडे, पण बेताने उडे. पुढे एकेक सुधारणा होत गेली. टायर रुंद झाले. १९६८ साली गाड्यांवर उलट्या ठेवलेल्या विमानाच्या पंखासारख्या पट्ट्या आल्या. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, आणि ही पट्टी गाडीला जमिनीवर दाबून धरते. १९७१ साली गुळगुळीत, बिनखाचांचे टायर आले आणि पावसासाठी खाचांचे निराळे टायर ठेवायची गरज पडली. या प्रत्येक सुधारणेने गाडीचा वेग वाढला आणि त्याबरोबर पावसात मागे उडणारे पाणीही वाढले.

हे पाणी म्हणजे आपल्या रस्त्यावर एस.टी. गेल्यावर उडतो तसला चिखलाचा शिंतोडा नव्हे. पिरेली कंपनी पावसाचे टायर बनवते. तिने दिलेला आकडा असा आहे की, ताशी तीनशे किलोमीटर वेगाने जाताना मुसळधार पावसासाठी केलेला तिचा एक टायर दर सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी बाजूला फेकतो. चार टायरांचे मिळून झाले ३४० लिटर. आपल्याकडे डिझेलची जी दोनशे लिटरची पिंपे असतात, तसली दीड पिंपाहूनही जास्त पाणी एका सेकंदात! चाके ते दळून बारीक करतात, पंखाखालून सुटलेला वारा ते वर उचलतो, आणि गाडीमागे पांढऱ्या तुषारांचा एक ढगच उभा राहतो. संध्याकाळी गुरे परतताना गोरज उठते आणि कळपातले शेवटचे जनावर दिसेनासे होते, हे आपण पाहतो. तोच प्रकार इथे पाण्याचा, आणि तोही वाऱ्याच्या वेगाने. पहिल्या गाडीच्या चालकाला समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो. दुसऱ्याला धूसर दिसतो. दहाव्याला आपल्या गाडीचे नाक सोडले तर बाकी काही दिसत नाही.

आता हिशेब करा. शिक्षकमंडळींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. ताशी तीनशे किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर. समोर काही आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला, असे धरा. तेवढ्यात गाडी ८३ मीटर पुढे गेलेली असते. ढगातून दिसते आहे तीसच मीटर. मग सांगा, तो चालक काय करील?

चालकांची सुरक्षितता हा प्रश्न मुळात पुढे आला तोही पावसामुळेच. १२ जून १९६६ रोजी बेल्जियममध्ये स्पा येथे शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत मार्गाच्या लांबच्या भागात पावसाची सर आली. अनेक गाड्या घसरल्या. जॅकी स्ट्यूअर्ट या स्कॉटिश चालकाची गाडी रस्त्याबाहेर गेली, तो आत अडकला आणि गळणाऱ्या पेट्रोलात भिजत सुमारे पंचवीस मिनिटे तसाच पडून राहिला. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरंट या दोन सहचालकांनी एका प्रेक्षकाकडून पाने मागून आणले, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. त्या दिवसानंतर स्ट्यूअर्टने सुरक्षिततेचा जो धोशा लावला, तो त्याने आयुष्यभर सोडला नाही. काही जणांनी त्याला भित्रा म्हणून हिणवले. हा भित्रा माणूस ४ ऑगस्ट १९६८ रोजी जर्मनीत न्यूरबुर्गरिंगच्या डोंगराळ मार्गावर, पाऊस आणि दाट धुके असताना, दुखावलेल्या मनगटाला पट्टी बांधून उतरला आणि दुसऱ्याच्या चार मिनिटे आधी पोहोचला. आपल्यापुढे कोणी नाही, ही त्या दिवशी त्याची मोठीच सोय होती. मागच्यांना ती नव्हती.

अशा परिस्थितीत १९७२ साली फॉर्म्युला वनच्या गाड्यांना पाठीमागे १५ वॅटचा तांबडा दिवा सक्तीचा झाला. त्याच वर्षीच्या नियमांत पेट्रोलच्या टाकीत स्पंजासारखा फेस भरणे, डोक्यामागे आधार देणे अशा इतर गोष्टीही होत्या. १५ वॅट म्हणजे किती? आपल्या देवघरातल्या बारक्या बल्बाएवढा! बावीस वर्षे ज्याच्यावाचून चालले, ती वस्तू आता गाडीवर आली. रात्र नाही, उजेडाची गरज नाही, आणि तरी दिवा हवा, कारण दिवसाढवळ्या माणूस आंधळा होऊ लागला होता. वेगाने आधी अंधार निर्माण केला आणि मग त्या अंधारासाठी दिवा शोधावा लागला, असा हा क्रम आहे.

हा दिवा तांबडाच का? पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले असते की, तांबड्या प्रकाशाची लांबी इतर रंगांपेक्षा जास्त असल्यामुळे तो कमी विखुरतो आणि धुक्यातून आरपार जातो. शिक्षकमित्रांनो, इथे थोडे सावध राहायला हवे. हा नियम प्रकाशाच्या लांबीपेक्षा पुष्कळ बारीक अशा कणांना लागू पडतो. आकाश निळे दिसते ते त्यामुळेच. पण धुक्याचे किंवा चाकाने उडवलेल्या पाण्याचे थेंब हे प्रकाशाच्या लांबीच्या कितीतरी पट मोठे असतात. त्यांच्यातून जाताना तांबडा, हिरवा, निळा हे सगळे जवळजवळ सारखेच विखुरतात. तेव्हा तांबड्या दिव्याला पाण्यातून पार जाण्याचे काही विशेष सामर्थ्य आहे असे नाही. तांबडा रंग निवडला तो परंपरेने. आगगाडीपासून माणसाच्या मनावर ठसले आहे की, तांबडे दिसले म्हणजे पुढे काहीतरी आहे, थांब. दिव्याचा अर्थ विचार न करता कळावा लागतो, कारण विचार करायला वेळच नसतो.

दिवा बसवायचा कसा, हेही पाहू. कारण नियम करणे सोपे आणि तो गाडीवर चालता ठेवणे अवघड. फॉर्म्युला वनच्या नियमांत या दिव्याबद्दल जे कलम असे, त्यातल्या मुख्य अटी अशा: दिवा ठीक मागे तोंड करून असावा, गाडीच्या मध्यरेषेपासून दहा सेंटीमीटरपेक्षा दूर नसावा, मागून स्वच्छ दिसावा, आणि चालकाला जागेवर बसल्या बसल्या तो लावता यावा. प्रत्येक अट साधी वाटते, पण तिच्यात अर्थ आहे. मध्यावर एकच दिवा असल्याने मागच्याला पुढच्या गाडीचा मध्य कळतो. ठीक मागे तोंड असल्याने उजेड आकाशात किंवा जमिनीवर वाया जात नाही. आणि कळ चालकाच्या हाताशी हवी, कारण पाऊस काही शर्यत थांबवून येत नाही.

लहान स्पर्धांत स्वतःच्या हाताने गाडी बांधणारे हौशी लोक असतात. दिवा बसवायचे खरे काम त्यांना विचारावे. शर्यतीची गाडी थरथरते. तिचे इंजिन पाठीमागे, दिव्याच्या जवळच असते. थरथरीने जुन्या बल्बमधली तार तुटते, स्क्रू ढिले होतात. बाहेर पडणाऱ्या गरम धुरापाशी वायर गेली की तिचे वेष्टन वितळते. मागचे झाकण काढताना वायर ताणून तुटते. म्हणून वायरला थोडी सैल ठेवायची, पण लोंबू द्यायची नाही. दर वितीवर ती बांधायची. जोड पाणी शिरणार नाही असा बंद करायचा. दिव्याला वेगळा फ्यूज द्यायचा, म्हणजे मागे ठोकर बसून वायर चिकटली तरी इंजिन बंद पडत नाही. इतके करूनही दर वेळी गाडी मार्गावर नेण्यापूर्वी एकाने आत बसून कळ दाबायची आणि दुसऱ्याने मागे जाऊन पाहायचे. एकट्याने ही तपासणी होत नाही. आपला मागचा दिवा आपल्याला कधी दिसतच नाही, त्यासाठी दुसरा माणूस लागतो.

शर्यतीत पावसाचे टायर घातले की हा दिवा लावलाच पाहिजे, असा नियम आहे. दिवा बंद पडला तर त्या चालकाला थांबवायचे की नाही हे शर्यतीच्या संचालकाने ठरवायचे, आणि थांबवले तर दिवा दुरुस्त करून तो पुन्हा सामील होऊ शकतो, असेही नियमपुस्तकात लिहिलेले असे. म्हणजे पहा, इंजिन उत्तम, टायर उत्तम, चालक पहिल्या क्रमांकावर, पण मागचा दिवा विझला एवढ्यावरून त्याला थांबवता येते. स्वतःच्या गाडीत त्याचे काहीही अडलेले नसते. अडचण मागच्याची असते.

पण दिवा आला म्हणून प्रश्न सुटला काय? नाही सुटला, आणि हा इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. २४ ऑक्टोबर १९७६ रोजी जपानमध्ये फुजी येथे वर्षातली शेवटची शर्यत मुसळधार पावसात सुरू झाली. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा गुणांत सर्वांच्या पुढे होता. त्याच वर्षी १ ऑगस्टला न्यूरबुर्गरिंगवर त्याची गाडी पेटून तो मरणाच्या दारातून परतला होता. दोन फेऱ्या झाल्यावर त्याने गाडी आत आणली आणि तो उतरला. जेम्स हंट तिसरा आला आणि एका गुणाने अजिंक्यपद लाउडाच्या हातून गेले. दिवे गाड्यांवर होते. पण दिवा पाहून पुढे जायचे की थांबायचे, हे शेवटी माणसालाच ठरवावे लागते, आणि लाउडाने ते ठरवले.

त्यानंतर ७ ऑगस्ट १९८२ चा दिवस आला. जर्मनीत हॉकेनहाइम येथे शनिवारचा पावसातला सराव चालू होता. फ्रान्सचा दिदिए पिरोनी ३९ गुणांसह सर्वांच्या पुढे होता. सर्वांत जलद फेरीही त्याची आदल्या दिवशीच झालेली होती. त्या पावसात त्याला काही मिळवायचे राहिले नव्हते. डेरेक डेली याच्या गाडीला मागे टाकण्यासाठी तो बाजूला झाला आणि पुढच्या तुषारांच्या ढगात शिरला. त्या ढगात त्याचाच देशबंधू ॲलन प्रॉस्ट याची गाडी सावकाश चालली होती. पिरोनीची फेरारी तिच्या मागच्या चाकावर आदळून हवेत उडाली. त्याचे दोन्ही पाय मोडले. तो वाचला, पण फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा कधी धावला नाही. त्या वर्षीचे अजिंक्यपद केके रोसबर्गला ४४ गुणांवर मिळाले. पिरोनी उरलेल्या शर्यती न धावताही केवळ पाच गुणांनी मागे राहिला. पुढे १९८७ साली वेगवान बोटींच्या शर्यतीत त्याचा अंत झाला. मागच्या दिव्याचा नियम होऊन त्या वेळी दहा वर्षे झाली होती.

या अपघाताने प्रॉस्ट बदलला. त्याची स्वतःची काही चूक नव्हती, पण आपल्या गाडीवरून उडून गेलेली ती दुसरी गाडी तो विसरू शकला नाही. १९८८ साली सिल्व्हरस्टोनच्या पावसात तो स्वतःहून थांबला. ५ नोव्हेंबर १९८९ रोजी ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे एक फेरी करून तो आत आला आणि पुन्हा निघायला त्याने नकार दिला. त्याच्यावर टीका झाली. त्याच दिवशी, त्याच पाण्यात, पावसातला राजा म्हणून नावाजलेला आयर्टन सेना पहिल्या क्रमांकावर असताना मार्टिन ब्रंडलच्या गाडीवर मागून आदळला. ब्रंडलच्या गाडीवर मागे तोंड केलेला कॅमेरा होता. त्या चित्रफितीत आधी नुसता पांढरा ढग दिसतो, आणि मग त्या ढगातून एकाएकी सेनाची गाडी अंगावर येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागदपत्रांचे महत्त्व असते; मला वाटते, या विषयात ही चित्रफीत हा एक अस्सल दस्तऐवज आहे. सेनासारख्याला जे दिसले नाही, ते इतरांना काय दिसणार?

३० ऑगस्ट १९९८ रोजी स्पा येथे पुन्हा तेच झाले. आधी पहिल्याच फेरीत तेरा गाड्या एकमेकींवर आदळल्या. शर्यत पुन्हा सुरू झाली आणि मायकेल शूमाकर बराच पुढे निघून गेला. एक फेरी मागे पडलेल्या डेव्हिड कुल्टहार्डने त्याला वाट देण्यासाठी वेग कमी केला, पण तो राहिला शर्यतीच्या मुख्य वाटेवरच. शूमाकर मागून आदळला आणि तीन चाकांवर गाडी घेऊन परतला. तो कुल्टहार्डशी भांडायला धावला. कुल्टहार्डने काही वर्षांनी आपली चूक कबूल केली. इथे दिव्याच्या मर्यादेवर नेमके बोट ठेवता येते. दिवा सांगतो, 'मी इथे आहे.' तो किती दूर आहे हे नीट सांगत नाही, आणि त्या गाडीने वेग कमी केला आहे हे तर मुळीच सांगत नाही.

म्हणून पुढे या दिव्यातच सुधारणा झाल्या. तारेच्या बल्बाची जागा एलईडी दिव्यांनी घेतली. बल्बमधली तार तापून उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो; एलईडी तत्काळ उजळतो. एक पंचमांश सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे म्हणू नका. मघाच्या वेगाने तेवढ्यात गाडी सोळा मीटरांहून जास्त जाते. शिवाय एलईडीत थरथरीने तुटायला तारच नाही. मग दिवा एकसारखा जळण्याऐवजी लुकलुकू लागला, कारण डोळा स्थिर वस्तूपेक्षा हालत्या वस्तूकडे लवकर वळतो. २०१४ पासूनच्या विजेची जोड असलेल्या गाड्यांत, वीज साठवताना गाडीचा वेग पडतो तेव्हाही तो लुकलुकून मागच्याला सावध करू लागला. २०१९ साली मागच्या पंखाच्या दोन्ही टोकांना आणखी दोन उभे दिवे सक्तीचे झाले. आता मध्याबरोबर गाडीची रुंदीही दिसू लागली. १९७२ च्या त्या इवल्याशा दिव्याचा संसार असा वाढला.

तरीही पाण्याने हार मानली नाही. २९ ऑगस्ट २०२१ रोजी स्पा येथे लोक तासन्‌तास पावसात ताटकळले, आणि सुरक्षा-गाडीच्या मागे मोजक्या फेऱ्या घालून शर्यत संपवावी लागली. विजेत्यांना निम्मे गुण मिळाले. १ जुलै २०२३ रोजी त्याच स्पा येथे, तरुणांच्या एका लहान वर्गाच्या शर्यतीत, डिलानो व्हान्ट हॉफ हा अठरा वर्षांचा डच मुलगा पावसात मरण पावला. त्याची गाडी घसरून मार्गावर परत आली, आणि तुषारांतून येणाऱ्या दुसऱ्या गाडीने तिला धडक दिली. त्याच महिन्यात सिल्व्हरस्टोन येथे चाकांवर झाकणे बसवून पाणी कमी उडते का, याचे प्रयोग झाले. त्यातून हवे तसे यश आले नाही. गंमत अशी की, वजन वाचवण्यासाठी जी झाकणे कधीकाळी काढून टाकली, तिकडेच माणसाला पुन्हा वळून पाहावे लागले.

या दिव्याचा एक भाऊ साध्या रस्त्यावरही आला आहे. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८० पासून पहिल्यांदा वापरात आलेल्या मोटारींना मागे धुक्याचा तांबडा दिवा असणे सक्तीचे झाले. आणि धुके ओसरले की तो बंद करायचा, अशीही तिथे शिस्त आहे, नाहीतर तोच मागच्याचे डोळे दिपवतो.

आता, श्रोतेहो, सुरुवातीला राहिलेले उत्तर. काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि माझी पत्नी एका लग्नाहून मोटारसायकलवर रात्री परतत होतो. नदीकाठचा रस्ता, पहाटेसारखे धुके दाटलेले. वेग काही फार नव्हता. एकाएकी दिव्याच्या उजेडात समोर उसाचा ढीग उभा राहिला. मी कशी गाडी वळवली ते मला आजही सांगता येत नाही. आम्ही बाजूच्या चारीत पडलो, खरचटण्यावर निभावले. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर पुढे चालला होता. आमचा आवाज ऐकून तो थांबला आणि त्यावरचा मनुष्य धावत आला. माझ्याच वयाचा, अंगावर घोंगडी घेतलेला. "ताईंना लागलं का हो?" हे त्याने आधी विचारले. मी रागाने म्हणालो, "अहो, मागं दिवा कुठाय तुमच्या?" तो म्हणाला, "होता की मास्तर. वायर तुटलीय आठ दिवस झालं. पुढं समदं दिसतंय, म्हणून ऱ्हायलं."

पुढं समदं दिसतंय! त्याच्यावर मला पुढे रागावता आले नाही. तो दुष्ट नव्हता, निष्काळजीही म्हणता येणार नाही. त्याने ऊस कारखान्यात वेळेवर पोहोचावा म्हणून दोन रात्री झोप घेतली नव्हती. त्याचे समोरचे दिवे चालू होते, कारण ते नसते तर त्याला एक पाऊल पुढे जाता आले नसते. मागचा दिवा नसल्याने मात्र त्याचे काहीच अडत नव्हते. अडणार होते ते माझे. आम्ही विजेरीच्या उजेडात मिळून ती वायर शोधली. दोन ट्रॉल्यांच्या जोडापाशी, वळणावर ताणून ती तुटली होती. पत्नीने केसांची पिन दिली, त्या पिनेने टोके खरवडून आम्ही ती जोडली. दिवा लागला. तो पाहायला ट्रॅक्टरवाल्याला खाली उतरून मागे यावे लागले.

त्यानंतर मी शर्यतींच्या त्या दिव्याचा इतिहास वाचू लागलो. जे लोक सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी झगडतात, एकमेकांना मागे टाकणे हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांनाही आपल्या पाठीवर दुसऱ्यासाठी दिवा बसवावा लागला. तो त्यांनी आपण होऊन बसवला नाही, नियमाने बसवला. मग आपल्या रस्त्यावर, जिथे कोणाला कोणाच्या पुढे जायचे नाही, नुसते घरी पोहोचायचे आहे, तिथे हे काम अवघड का असावे?

म्हणून माझी विनंती फार लहान आहे. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हंगाम सुरू होण्याआधी एक दिवस मुलांना हे गणित घालावे आणि घरी जाऊन आपल्या ट्रॅक्टरची, ट्रॉलीची, बैलगाडीची मागची बाजू पाहून यायला सांगावे. एकाने कळ दाबावी, दुसऱ्याने मागे उभे राहावे. दिवा नसेल तर तांबडी चमकणारी पट्टी तरी आहे का, असली तर ती चिखलाने झाकली आहे का, हे पाहावे आणि फडके मारावे. ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर तिच्या मागे बऱ्याच अंतरावर खूण करावी. नुसते दगड ठेवू नयेत, आणि ठेवले तर जाताना उचलावेत. वायर जोडायला पाच मिनिटे लागतात. आम्हाला तर थंडीत, अंधारात, केसांच्या पिनेने जोडूनही दहाच लागली होती.